मूळव्याधीची शस्त्रक्रिया : कोणती आणि कोणासाठी?



ज्या दुखण्याचे नाव घेण्यास माणूस लाजतो, त्याच दुखण्यात तो अधिक फसतो. मी डॉक्टर नव्हे. कामगार संघटनेत आयुष्य घालवलेला माणूस आहे. ओझे उचलणारे हमाल, मोटारचालक, दिवसभर यंत्रापुढे बसणारे शिंपी या दुखण्याने गांजलेले मी पाहिले आहेत. म्हणून वाचून आणि जाणत्यांना विचारून जे समजले, ते आपणांपुढे ठेवतो.

गुदद्वाराच्या आत रक्तवाहिन्यांच्या मऊ गाद्या निसर्गानेच प्रत्येकाला दिलेल्या आहेत. बद्धकोष्ठाने, कुंथण्याने त्या फुगतात व खाली सरकतात, हीच मूळव्याध. तिच्या चार पायऱ्या मानतात. पहिलीत मोड आतच राहतो, रक्त मात्र जाते. दुसरीत तो बाहेर येऊन आपोआप आत जातो. तिसरीत तो बोटाने ढकलावा लागतो आणि चौथीत तो आत जातच नाही. पहिल्या दोन पायऱ्यांत भाजीपाला, भरपूर पाणी, औषध आणि गरज पडल्यास मोडाच्या बुडाशी रबरी कडे चढवणे, एवढ्यावर बहुधा भागते. शस्त्रक्रियेचा प्रश्न येतो तो मुख्यतः पुढच्या दोन पायऱ्यांवर.

सुश्रुताने या रोगाला औषध, क्षार, अग्नी आणि शस्त्र असे चार उपाय सांगितले. आजच्या पद्धती पाहिल्या तर शस्त्र आणि अग्नी अजून कामावर आहेत असेच म्हणावे लागते.

पहिली पद्धत मोड कापून काढण्याची. लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयातील मिलिगन आणि मॉर्गन यांनी 1937 साली ती मांडली. यात जखम उघडी ठेवतात व ती हळूहळू भरून येते. अमेरिकेतील फर्ग्युसन यांनी 1959 मध्ये जखम टाक्यांनी बंद करण्याची रीत प्रसिद्ध केली. दोहोंतही सुरुवातीचे दिवस, विशेषतः शौचाच्या वेळी, वेदना मोठी असते. कामावर परतण्यास काही आठवडे लागतात. परंतु मोड पुन्हा येण्याची शक्यता सर्वांत कमी याच पद्धतीत असते.

दुसरी पद्धत टाचणीयंत्राची. इटलीच्या लाँगो यांनी ती 1998 मध्ये पुढे आणली. मोडाच्या वरची अस्तराची गोल पट्टी कापून, टाचण्या मारून मोड वर ओढून बसवतात. तेथे वेदनेची जाणीव कमी असल्याने दुखणे कमी होते. मात्र ब्रिटनमध्ये 777 रुग्णांवर झालेल्या तुलनेचे निष्कर्ष 2016 मध्ये प्रसिद्ध झाले, ते विचार करायला लावणारे आहेत. पहिल्या काही आठवड्यांत यंत्रवाले सुखी होते. दोन वर्षांचा हिशेब केला तेव्हा जुन्या पद्धतीचे रुग्ण अधिक समाधानी निघाले.

तिसरी पद्धत जपानच्या मोरिनागा यांची, 1995 सालची. ध्वनिलहरींच्या साहाय्याने मोडाला रक्त पुरवणारी धमनी शोधून ती बांधतात. चौथी लेसरची, ती म्हणजे अग्नीच. या दोहोंत वेदना थोडी, पण मोठ्या मोडांत दुखणे उलटण्याचा धोका कापण्याच्या पद्धतीपेक्षा अधिक. भिंतीवरच्या जाहिराती हे दुसरे वाक्य लिहीत नाहीत.

मग निवड कशी करावी? डॉक्टर वेदना मोजतो. बुडालेला रोज घरची चूल मोजते. लवकर कामावर जाता येते म्हणून सोपी पद्धत घ्यावी, आणि मोड उलटल्यावर दुसऱ्यांदा रोज बुडवावा, हा सौदा स्वस्त नव्हे. म्हणून सर्जनला चार प्रश्न अवश्य विचारा : माझी पायरी कोणती? हीच पद्धत का? पुन्हा उद्भवण्याची शक्यता किती? काम किती दिवस बंद? कामगार राज्य विमा योजनेतील कामगाराला, अटी पूर्ण असल्यास, आजारपणात वेतनाच्या सुमारे 70 टक्के भत्ता मिळतो. शेतमजुराला आणि हमालाला तो नाही. त्यामुळे तो दुखणे चौथ्या पायरीपर्यंत अंगावर काढतो. हा प्रश्न शल्यविद्येचा नाही, आपल्या सर्वांचा आहे.

शेवटी दोन इशारे. रक्त पडले म्हणजे मूळव्याधच, असे धरून चालू नका. आतड्याचा कर्करोगही असाच सुरू होऊ शकतो. आणि भोंदूच्या सुईला अंग देऊ नका. तिने जखम चिघळते, मार्ग आवळतो. कंधारहून नांदेड दूर नाही, विष्णुपुरीला डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. लाज घरी ठेवून तेथवर जावे, एवढीच विनंती.