शिल्लक किती?

बँकेत कर्जाचे अर्ज तपासताना मी अर्जदाराच्या मिळकतीआधी त्याची शिल्लक पाहत असे. 1955 मध्ये कॅलिफोर्नियात सुरू झालेल्या ‘टेव्हिस कप’ शर्यतीत घोड्यालाही हाच न्याय लावतात. सिएरा नेवाडाचे डोंगर ओलांडून 24 तासांत 100 मैल! वाटेत पशुवैद्य नाडी मोजतात, हिरडी दाबून रक्त किती लवकर परतते ते बघतात, आतड्यांचा आवाज ऐकतात, दुडक्या चालीने पळवून लंगडणे हेरतात. खोट दिसली, की स्वाराने तिथेच थांबायचे. एवढेच नव्हे, मुक्कामी पोचल्यावरही तपासणी असतेच. घोडा आणखी पुढे जाण्याजोगा नसेल, तर चांदीचे बक्कल नाही. मुके जनावर ‘पुरे’ म्हणत नाही, म्हणून हा खटाटोप. आपल्या घरात न बोलता धावणाऱ्या माणसांची नाडी कोण पाहतो?