थोरल्याच्या वाट्याचं वासरू

‘त्याला जास्त, मला कमी’ ही तक्रार दोन मुलांच्या घरात रोजची. ‘मला जास्त आलं, त्याचं काय?’ हा प्रश्न क्वचितच. २०१५मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासात भारतासह सात देशांतल्या मुलांना समोरासमोर बसवून खाऊ वाटला गेला. वाटणी नाकारायची मुभा एकाला होती. नाकारली तर दोघांनाही काही नाही. आपल्याला कमी आलं की मुलं खाऊवर पाणी सोडत, आणि हे सातही देशांत दिसलं. आपल्याला जास्त आलं म्हणून नकार देणारी मुलं मात्र तीनच देशांत आढळली, तीही वयाने मोठी. स्वतःवरचा अन्याय ओळखायला शिकवावं लागत नाही, दुसऱ्यावरचा ओळखायला बहुधा लागतं, असं यावरून म्हणायला जागा आहे. आईबापांचं खरं काम तिथे सुरू होतं.

येशूने सांगितलेला उधळ्या पुत्राचा दाखला (बायबलमधलं लूकचं शुभवर्तमान, अध्याय १५) याच जागी बोट ठेवतो. धाकटा मुलगा आपला वाटा मागून घेतो, तो उधळून कफल्लक होऊन परततो, आणि वडील पुष्ट वासरू कापून मेजवानी देतात. प्रवचनं धाकट्याच्या परतण्यावर रेंगाळतात. अवघड आहे तो थोरला. मेजवानीचं त्याला कळतं ते चाकराकडून, आणि तो घरात पाऊल टाकत नाही. त्याला मत्सरी ठरवण्याआधी हिशेब मांडून पाहावा. बायबलच्या ‘अनुवाद’ या पुस्तकातल्या नियमाप्रमाणे थोरल्याला दुप्पट वाटा, म्हणजे दोन मुलगे असतील तर तीनातले दोन भाग. धाकट्याने आपला एक भाग आधीच उडवलेला. उरलेलं सारं तुझंच, असं वडीलही कबूल करतात. मग कापलेलं पुष्ट वासरूही त्याच्याच वाट्यातलं! त्याची तक्रार पोकळ नाही.

तरीही वडील अन्यायी ठरत नाहीत, कारण त्यांनी वाटणी पुन्हा मांडलेली नाही. धाकट्याला झगा, अंगठी, वहाणा मिळतात. उधळलेला भाग भरून दिल्याचा उल्लेख कुठे नाही. त्याला परत मिळतं ते मुलगेपण, आणि ते वाटल्याने कुणाचं घटत नाही. थोरला मात्र घरातलं नातंही मजुरीच्या मापाने मोजतो: इतकी वर्षं राबलो, साधं करडू मिळालं नाही. तापाने फणफणलेल्या लेकराच्या उशाशी आई रात्र काढते, तेव्हा धडधाकट भावंडाच्या वाट्याची माया ती चोरत नसते. ख्रिस्ती श्रद्धेतला देवाचा न्याय या जातीचा आहे: सर्वांना एकच माप लावण्यापेक्षा ज्याचं जे बिघडलंय ते नीट करणारा.

यावर खरा आक्षेप सोसणाऱ्याच्या बाजूने येतो. भावाला मारणाऱ्याला जवळ घेतलं, तर मार खाल्लेल्याचं काय? दुसऱ्याच्या जखमेची क्षमा परस्पर वाटून टाकणं ही काही उदारता नव्हे. उधळ्या पुत्राच्या कथेत याचं पुरतं उत्तर नाही, हे मान्य करावं. ते लूकच्याच एकोणिसाव्या अध्यायात सापडतं. जक्कय हा श्रीमंत जकातदार. येशू आधी त्याच्या घरी उतरतो. मग जक्कय अर्धी मालमत्ता गरिबांना आणि लुबाडलेल्यांना चौपट परतफेड देऊ करतो. स्वीकार आधी येतो, पण म्हणून भरपाई टळत नाही.

दुसरा आक्षेप आईबापांवरच. बायबलमधलंच एक घर: बाप इसहाकाचा लाडका मुलगा एसाव, आई रिबेकेचा याकोब. पुढे याकोबाने आपल्या मुलांपैकी योसेफाचेच लाड केले आणि भावांनी त्याला विकून टाकलं. घरातला पक्षपात बायबल लपवत नाही. शिस्तीच्या नावाखाली, कधी वचनांचा दाखला देऊन, मुलांना बडवणारेही आहेतच. अशांवरून देव ओळखायचा? मत्तयाच्या सातव्या अध्यायात येशू उलट बाजूने सांगतो: तुम्ही वाईट असूनही मुलांना चांगलं देता, मग स्वर्गातला पिता किती अधिक देईल! देव म्हणजे आपल्या बापाची मोठी प्रत नव्हे. बापाचंच वागणं त्याच्यापुढे तपासलं जातं. तरी दोष सरसकट आईबापांच्या माथी मारणंही येशूला मान्य नाही. योहानाच्या नवव्या अध्यायात जन्मांधाकडे बघून शिष्य विचारतात, पाप कुणाचं, याचं की याच्या आईबापांचं? येशू दोन्ही नाकारतो. अपंग मुलाच्या आईला आजही हाच प्रश्न ऐकवला जातो, कधीकधी चर्चच्या दारातच.