खेळाची शिकवणी

पोराला गणिताची शिकवणी लावतात, हे आपल्याला ठाऊक आहे. पण मोबाइलवरच्या खेळाची शिकवणी? ऐकून हसू येते. तरी गोष्ट खरी आहे.

अमेरिकेत २०१७ साली फोर्टनाइट नावाचा खेळ निघाला. पडद्यावर शंभर खेळाडू एका बेटावर उतरतात. शेवटी जो उरतो, तो जिंकतो. पोरांना त्याचे वेड लागले. २०१८ साली तिकडचे आईबाप मुलांसाठी वस्ताद लावू लागले. काही जण तासाला वीस डॉलर देत. म्हणजे तेव्हाचे तेराशे रुपयांच्या वर! काही बाप स्वतःही शिकले. पोराबरोबर आपल्यालाही खेळता यावे, हा हेतू.

ही शिकवणी चालते कशी? वस्ताद एका गावी, पोरगा दुसऱ्या गावी. इंटरनेटवरून दोघे बोलतात. वस्ताद पोराचा डाव पाहतो, चूक सांगतो, पुन्हा खेळवून घेतो. तालमीतला वस्ताद तरी दुसरे काय करतो?

तेव्हा खेळ शिकणे वाईट नाही. २०१८ साली जाकार्ताच्या आशियाई स्पर्धेत असे खेळ नमुन्यादाखल ठेवले होते. त्यात भुजच्या तीर्थ मेहताने कांस्यपदक मिळवले. २०१९ साली न्यूयॉर्कला फोर्टनाइटची जागतिक स्पर्धा झाली. सोळा वर्षांच्या काईल गियर्सडॉर्फने तीस लाख डॉलर जिंकले.

पण मंडळी, हिशेब पुरता करा. त्या स्पर्धेच्या आधीच्या फेऱ्यांत सुमारे चार कोटी जण खेळले. एकेरीच्या शेवटच्या फेरीत शंभर पोचले. पहिला आला एक. जत्रेतली शेवटची कुस्तीही एकच पैलवान मारतो. बाकीचे घरी येऊन शेतीच बघतात. म्हणून पोटापाण्याच्या आशेने ही शिकवणी लावू नये. द्राक्षाच्या पैशातून आधी औषधे, मजुरी आणि सोसायटीचा हप्ता भागला पाहिजे.

शिकवणी लावलीच, तर चार गोष्टी पाळा. वस्ताद कोण, ते आधी नीट विचारा. शिकवणीच्या वेळी जवळ बसा. वेळ ठरवून द्या. झोप आणि शाळा बुडू देऊ नका. बँकेचा पिन पोराला सांगू नका. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये बंदीचा कायदा केला आहे. त्या वाटेला जाऊच नका. खेळ सुटता सुटत नाही, हा आजारही असू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेने तो आजारांच्या यादीत घातला आहे. तसे दिसले, तर पोराला मारू नका. डॉक्टरांकडे न्या.

आणि आईबापांना स्वतः शिकायचे असेल, तर फी कशाला? संध्याकाळी अर्धा तास पोरालाच गुरू करा. तो आनंदाने शिकवील. तो काय खेळतो, कोणाशी बोलतो, हेही तुम्हाला कळेल. या वयात आपण अक्षरे शिकलो. मग हे का जमणार नाही?