निळ्या कागदाचं वजन

एरोग्राम म्हणजे निळसर, पातळ असा एकच कागद. पत्रही तोच, पाकीटही तोच, तिकीटसुद्धा त्यावरच छापलेलं. घड्या घालायच्या, डिंकाच्या कडा ओल्या करून चिकटवायच्या की झालं. आई अमेरिकेतल्या मामाला लिहायची, तेव्हा पान भरल्यावर समासात आडव्या ओळी सुरू व्हायच्या आणि ‘मोठ्यांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद’ डिंकाच्या काठाला टेकायचं. राखी मात्र आत घालता यायची नाही. एरोग्राममध्ये काहीही ठेवायचं नाही, ही त्याची अट.

अट वजनासाठी होती. विमानाला प्रत्येक ग्रॅमचं भाडं पडतं. कागदाचं वजन ठरलेलं असलं की टपालखात्याला दरही कमी ठेवता येतो. साडेसहा, पुढे साडेआठ रुपयांत आईचं पत्र कुठल्याही देशात जायचं.

विमान टपालाची सुरुवात आपल्याच देशात झाली, याचा मला फार अभिमान वाटतो. १८ फेब्रुवारी १९११ रोजी आँरी पेके या फ्रेंच वैमानिकाने अलाहाबादच्या प्रदर्शनातून सुमारे साडेसहा हजार पत्रं यमुनेपलीकडे नैनीला नेली. जगातलं हे पहिलं अधिकृत विमान टपाल. त्यासाठी पत्रामागे सहा आणे खास शुल्क घेतलं आणि ते धर्मादाय कामाला दिलं. पुढे लंडनचं टपाल इम्पिरियल एअरवेजच्या विमानांनी कराचीपर्यंत येऊ लागलं. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटांनी छोट्या पस मॉथ विमानातून कराचीचं टपाल अहमदाबादमार्गे जुहूला आणलं, आणि मुंबई या हवाई साखळीत जोडली गेली.

पण तिकिटाचे पैसे मुंबईत भरले आणि पत्र दारात दिलं शिकागोच्या पोस्टमनने, तर त्याच्या श्रमाचं काय? १८७४ मध्ये बर्नला झालेल्या करारात याचं सरळ उत्तर होतं: तिकीट जिथे विकलं, पैसे तिथेच राहतील. पत्राला उत्तर येतंच, म्हणजे दोन्हीकडचं काम सारखं. या करारातूनच जागतिक टपाल संघ उभा राहिला आणि भारत १८७६ मध्ये त्यात आला. पण काही देशांतून पत्रं जास्त जात, येत कमी. म्हणून १९६९ च्या टोकियो अधिवेशनात या फरकाचे पैसे चुकते करण्याची पद्धत ठरली. तरी परक्या देशाचं तिकीट आपलं मानून पत्र घरपोच करायचं, हा मूळ विश्वास टिकून आहे. इतका जुना आणि इतका साधा जागतिक करार दुसरा क्वचितच सापडेल.

परदेशी पाकिटाच्या वजनाचा पहिला टप्पा वीस ग्रॅमचा. साधं ए-फोर पान सुमारे पाच ग्रॅम भरतं. दोन पानं लिहा, हलक्या पाकिटात घाला, सोबत राखीचा रेशमी धागा ठेवा आणि पोस्टाच्या खिडकीवर वजन करून घ्या. काटा विसाच्या आतच थांबेल.