भरतीचा सराव आणि उष्माघात : आधी अंग थंड करा, मग दवाखाना

आष्टा परिसरातील आपल्या वस्त्यांमधून अनेक मुले-मुली पोलीस भरतीची तयारी करतात. मुलांना 1600 मीटर, मुलींना 800 मीटर धावावे लागते. घरच्यांची आशा त्या धावण्यावर असते, म्हणून चक्कर आली तरी मूल थांबत नाही. जून 2014 मध्ये मुंबईच्या पोलीस भरतीत 5 किलोमीटर धावल्यानंतर काही तरुण उमेदवार दगावले होते. हे आपण विसरता कामा नये.

धावताना स्नायूंमुळे अंगात उष्णता तयार होते. घाम वाळला की अंग थंड होते. हवा दमट असेल तर घाम वाळत नाही. त्यामुळे ढगाळ दिवशीही उष्माघात होऊ शकतो.

कसे ओळखावे?
पायात गोळे येणे, डोके दुखणे, मळमळ, भोवळ ही पहिली सूचना. लगेच थांबावे, सावलीत बसावे, पाणी प्यावे. पण मूल बरळू लागले, झोकांड्या खाऊ लागले, ओळख विसरले, झटके आले किंवा बेशुद्ध पडले, तर तो उष्माघात समजावा. 'अंगाला घाम आहे, म्हणजे उष्माघात नाही' हा समज चुकीचा आहे. धावणाऱ्याला घाम असतानाही उष्माघात होतो.

काय करावे?
एकाने 108 ला फोन करावा. बाकीच्यांनी त्याला सावलीत न्यावे, जादा कपडे काढावेत, अंगावर सतत गार पाणी ओतावे आणि वारा घालावा. बर्फ मिळाल्यास मान, काख व जांघेत ठेवावा. पहिला अर्धा तास फार मोलाचा असतो. गाडीची वाट पाहत नुसते बसू नये. गाडीतही ओले कापड व वारा चालू ठेवावा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नये. कांदा हुंगवण्यात वेळ दवडू नये. तापाच्या गोळीने हा ताप उतरत नाही.

कसे टाळावे?
• उन्हाळ्यात पहाटेच धावावे. एकदम जोर न करता दहा-पंधरा दिवसांत सराव हळूहळू वाढवावा.
• ताप, जुलाब असताना किंवा पत्र्याच्या घरात उकाड्याने रात्रभर झोप झाली नसेल, तर त्या दिवशी धावू नये.
• लघवी गडद पिवळी असेल तर पाणी कमी पडते आहे. घरीच 1 लिटर स्वच्छ पाण्यात 6 सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालून प्यावे.
• वजन उतरवण्यासाठी पाणी तोडणे, जाड जॅकेट घालून पळणे ही चूक पैलवान व भरतीच्या मुलांनी करू नये.
• एकट्याने धावू नये. सोबत्याने सोबत्यावर लक्ष ठेवावे.

आई-वडिलांनी मुलांना एवढेच सांगावे : त्रास झाला तर थांब. भरती पुन्हा निघेल, जीव पुन्हा मिळणार नाही.