जडावपट्टी, लाकडी

लाकडी फर्निचरच्या पृष्ठभागात उथळ खाच पाडून तीत समपातळीत बसविलेली, वेगळ्या रंगाच्या वा पोताच्या लाकडाची अरुंद, शोभेची पट्टी. ती व्हिनिअरची म्हणजे लाकडाच्या पातळ पापुद्र्याची असते आणि मेजाचा माथा, खणाची दर्शनी बाजू, कपाटाचे दार, पेटीचे झाकण इत्यादींवर कडेला समांतर बसवितात. पट्टीमुळे पृष्ठभागाला चौकट लाभते. व्हिनिअरने मढविलेल्या खणाच्या कडेचा पापुद्रा सहज उचकटतो. तेथे बसविलेली पट्टी कडेचे रक्षणही करते. पट्टी किती काळ टिकेल, हे मात्र नक्षीपेक्षा तिच्या व खालच्या फळीच्या तंतूंच्या दिशांवर अधिक अवलंबून असते.

इतिहास : सतराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये अक्रोडाच्या व्हिनिअरने मढविलेल्या फर्निचरवर अशा पट्ट्या रूढ झाल्या. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात मॅहॉगनीच्या गडद पृष्ठभागावर पिवळसर सॅटिनवुडच्या पट्ट्या व फिकट रेषा बसविण्याची पद्धत लोकप्रिय झाली. जॉर्ज हेपलव्हाइट यांचा १७८८ मध्ये मरणोत्तर प्रसिद्ध झालेला नमुनाग्रंथ व टॉमस शेरटन यांचा १७९१ पासून भागशः निघालेला ग्रंथ यांमुळे या शैलीचा प्रसार झाला. अमेरिकेत बॉस्टन येथील जॉन सेमूर व त्यांचे पुत्र टॉमस यांच्या फर्निचरवरील, लहान अर्धवर्तुळांच्या माळेची पट्टी प्रसिद्ध आहे.

प्रकार : (१) रेषाजडाव : एकाच लाकडाची, सुमारे एक-दोन मिमी. रुंदीची रेषा. (२) आडपट्टी : हिचे तंतू कडेशी काटकोनात असतात. (३) पीसपट्टी : तिरप्या तंतूंच्या दोन पट्ट्या शेजारीशेजारी जोडल्याने पक्ष्याच्या पिसासारखा आकृतिबंध दिसतो. (४) नक्षीपट्टी : चौकडी, दोरीचा पीळ इ. नमुने लहान तुकड्यांच्या जुळणीतून साधतात.

पट्टीची निर्मिती : नक्षीपट्टीतील तुकडे एकेक करून खाचेत बसवीत नाहीत. गडद व फिकट लाकडांचे तुकडे हव्या त्या क्रमाने दोन पापुद्र्यांच्या मध्ये सरसाने चिकटवून, दाबाखाली सुकवून त्यांची रुंद वडी तयार करतात. मग ती बारीक दात्यांच्या करवतीने उभी चिरतात. प्रत्येक चिरीव पट्टीत तोच नमुना उमटतो. पट्टी १ मिमी. जाडीची व करवतीने खाल्लेले लाकूडही तेवढेच धरले, तर ५० मिमी. रुंदीच्या वडीतून सुमारे २५ पट्ट्या निघतात.

हेच तत्त्व सूरत व मुंबई येथील सादेली कामात दिसते. ही कला इराणमधून भारतात आल्याचे मानले जाते. हस्तिदंत, शिंग, आबनूस, चंदन, कथिल इत्यादींच्या त्रिकोणी छेदाच्या बारीक काड्यांची जुडी चिकटवून ती आडवी चिरतात आणि मिळालेल्या चकत्या पेट्यांवर चिकटवितात. एकोणिसाव्या शतकात या पेट्या यूरोपात ‘बाँबे बॉक्स’ या नावाने ओळखल्या जात.

पट्टी बसविणे : प्रथम खाचेच्या दोन्ही कडा धारदार सुरीने आखून वरचे तंतू कापून घेतात, म्हणजे कड फाटत नाही. खाच पटाशीने, खरवडणाऱ्या लहान पात्याने किंवा राउटर यंत्राने पाडतात. तिची खोली पट्टीच्या जाडीहून किंचित कमी ठेवतात. कोपऱ्यात पट्ट्या ४५° त कापून नमुना जुळवितात. सरस सुकल्यावर वर राहिलेला भाग पोलादी पातळ पात्याने खरवडून समपातळीत आणतात. काचकागद फार घासल्यास गडद लाकडाची भुकटी फिकट लाकडाच्या रंध्रांत शिरून ते मळकट दिसते; म्हणून आधी चपड्याच्या पॉलिशचा पातळ हात देतात. यंत्राने काढलेला पापुद्रा अनेकदा अर्धा मिमी. इतकाच जाड असल्याने तो घासून आरपार जाण्याचाही धोका असतो.

तंतूंची दिशा व टिकाऊपणा : हवेतील आर्द्रतेनुसार लाकूड तंतूंच्या आडव्या दिशेने फुगते वा आकसते, तंतूंच्या लांबीच्या दिशेने हा बदल नगण्य असतो. सागाच्या ६० सेंमी. रुंद भरीव माथ्यातील जलांश ४ टक्क्यांनी बदलल्यास त्याची रुंदी ४ ते ५ मिमी. पर्यंत बदलू शकते. कोकणातील पावसाळा व कोरडा ऋतू यांत असा फरक अशक्य नाही. माथ्याच्या आखूड बाजूस, फळीच्या तंतूंना आडवी अशी लांब तंतूंची रेषा बसविली असेल, तर फळी आकसताना ती फुगून वर येते आणि फळी फुगताना तिचे सांधे उघडतात. त्याच जागी आडपट्टी बसविल्यास तिचे तंतू फळीच्या तंतूंशी समांतर येतात व दोन्ही बरोबरीने हलतात. लांब बाजूस याउलट लांब तंतूंची पट्टी निर्धोक ठरते. तेथे आडपट्टी हवी असल्यास ती पातळ व लहान तुकड्यांची घेतात. प्लायवुडसारख्या स्थिर पायावर ही अडचण बरीच कमी होते. तापविलेला प्राणिज सरस वापरल्यास उष्णता व ओलावा देऊन जुनी पट्टी सोडविता येते व दुरुस्ती सुलभ होते.

सामग्री : वन्य जीव संरक्षण अधिनियमाच्या १९८६ व १९९१ मधील दुरुस्त्यांमुळे भारतात हस्तिदंताचा व्यापार बंद झाला. डाल्बर्जिया (शिसवी) प्रजातीच्या लाकडाचा आंतरराष्ट्रीय व्यापारही २०१७ पासून अधिक काटेकोरपणे नियंत्रित आहे. त्यामुळे रंगविलेल्या फिकट लाकडांचे महत्त्व वाढले आहे. जुन्या कारागिरांनीही आबनुसाऐवजी काळे रंगविलेले लाकूड वापरले होते. तेव्हा हा बदल या कलेच्या परंपरेला धरूनच आहे. [⟶ फर्निचर, लाकूड, सुतारकाम].