सॉफ्टवेअर मोफत; पण पथ्य कोण सांगणार?

रुग्णाच्या नोंदीत ‘उपाशीपोटी साखर ७’ असे दिसले, तर अर्थ काय लावायचा? काही देशांत साखर मिलिमोल प्रतिलिटरमध्ये मोजतात. तिथले ७ म्हणजे आपल्याकडचे सुमारे १२६ मिलिग्रॅम प्रतिडेसिलिटर, म्हणजेच मधुमेहाच्या निदानाची सीमारेषा. पण मिलिग्रॅममध्ये ७ असेल, तर ती जीवघेणी अवस्था. आकडा तोच, एकक मात्र वेगळे. संगणक तर भरलेला आकडाच साठवतो.

हा प्रश्न रुग्णनोंदींच्या सॉफ्टवेअरमध्ये रोज येतो. ‘ओपनएमआरएस’ हे असेच एक मुक्तस्रोत, म्हणजे ओपन सोर्स सॉफ्टवेअर. २००४ मध्ये त्याची सुरुवात झाली आणि केनियातील एल्डोरेट येथे एचआयव्ही रुग्णांच्या नोंदींसाठी ते वापरात आले. छत्तीसगडमधील गनियारीच्या ‘जन स्वास्थ्य सहयोग’ रुग्णालयात आकाराला आलेली ‘बाह्मनी’ ही प्रणालीही त्यावरच उभी आहे. परवान्याचे शुल्क नाही, हवे ते बदल करण्याची मुभा आहे. मात्र ते शिकायला वेळ द्यावा लागतो.

यात प्रत्येक तपासणी आधी शब्दकोशात नोंदवावी लागते: उत्तर आकड्यात की पर्यायांत, एकक कोणते, कमाल-किमान मर्यादा किती. ही पायरी माहीत नसलेला नवखा कर्मचारी एककाचा रकाना कोराच सोडतो. माहितीपुस्तिकेची गरज इथे असते.

या प्रणालीची विकासकांसाठीची मार्गदर्शिका २०११ मध्ये स्वयंसेवकांनी एकत्र बसून अवघ्या काही दिवसांत लिहिली. पण सॉफ्टवेअर बदलत राहते. जुने पान मुदत संपलेल्या औषधासारखे. म्हणून प्रत्येक पानावर तारीख आणि आवृत्ती हवी.

पुस्तिकेतील त्रुटी जाणकाराला दिसत नाहीत, कारण पायऱ्या त्याच्या हाताच्या सवयीच्या असतात. त्या नवख्यालाच दिसतात. वेगवेगळे लोक एकाच ठिकाणी अडत असतील, तर दोष त्यांच्यात नव्हे, पानात आहे. ‘पुस्तिका वाचा’ म्हणून वाटेला लावण्यापेक्षा उत्तर द्यावे आणि तेच उत्तर पानावरही लिहावे.

विचारणाऱ्यालाही काही पथ्ये आहेत. ‘चालत नाही’ एवढेच सांगणे म्हणजे डॉक्टरला ‘बरे वाटत नाही’ सांगण्यासारखे. पुढील गोष्टी कळवाव्यात:

• सॉफ्टवेअरची आवृत्ती कोणती
• नेमके काय केले, काय अपेक्षित होते आणि काय घडले
• पडद्यावर आलेला संदेश, जसाच्या तसा

पडद्याचे छायाचित्र पाठवताना रुग्णाचे नाव आणि नोंदणी क्रमांक आधी झाकावा.

या कामाला प्रोग्रॅमरच लागतो असे नाही. रोज नोंदी भरणारी परिचारिका कोणत्या रकान्यात काय लिहायचे, हे सोप्या मराठीत एका पानावर उतरवू शकते. त्या पानावर साखरेचे एकक ठळक लिहिले, तरी पुढच्या पाळीवर नव्याने आलेल्याचा गोंधळ टळेल.